किल्ली फिरवण्याआधी

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली ती 29 ऑक्टोबर 2003 रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं मुंबईतलं आयुष्य कायद्यानं संपलं. त्या दिवसांत निरोपाचे पुष्कळ लेख छापून आले. पण संपली ती टॅक्सी. घरची पद्मिनी अजून आहे. कुणाच्या आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली गाडी साताऱ्यातल्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, नागपुरातल्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, पार्ल्यातल्या सोसायटीच्या भिंतीला खेटून आजही उभी असते. अंगावर ताडपत्री, चारही चाकांत हवा नाही, आणि घरातली नवी पिढी विचारते, ही पुन्हा चालू होईल का?

होते. बहुतेक वेळा होते. प्रश्न असतो तो क्रमाचा. पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाचं जे नुकसान झालेलं नसतं, ते उत्साहाच्या भरात नवी बॅटरी जोडून सेल्फ मारला की काही सेकंदांत होतं. रविवारी सकाळी चार मित्र जमतात, कुणीतरी कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओततं, कुणीतरी धक्का मारायला उभा राहतो, आणि इतकी वर्षं शाबूत राहिलेला पुशरॉड वाकतो. हे टाळता येतं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. धीर मात्र लागतो.

उदाहरणासाठी पद्मिनीच घेऊ, कारण ही गाडी महाराष्ट्राच्या मातीतली आहे आणि शिकायला सोपीही आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जात. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी घरोबा झाला. गोलमटोल अंगाच्या 1100 ला लोकांनी प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, 1972 मध्ये तिची प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून ती पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. नावं बदलली, पण आतला गाभा तोच राहिला: 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, एकच कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते पान्यानं खोलता येतं. लॅपटॉप जोडायची गरज नाही.

उभी गाडी म्हणजे बरणीत मुरत ठेवलेलं लोणचं नव्हे. ती उभ्या-उभ्या झिजत असते, फक्त वेगळ्या पद्धतीनं. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या तरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्यातून दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकलेल्या असतात तिथे बोअरवर गंजाची बारीक कडी धरते. बेअरिंगवरचं तेल ओघळून खाली सम्पमध्ये जमा होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, आंबूस वासाचा राळेसारखा थर उरतो. रबर कडक होतं, बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. हे सगळं किती वेगानं होणार, ते गाडी कुठे उभी आहे यावर ठरतं. रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे काढलेली गाडी आणि अकोल्याच्या कोरड्या उन्हात दहा वर्षं उभी असलेली गाडी यांची दुखणी निराळी. पहिलीचा पत्रा जातो, दुसरीचं रबर आणि वायरचं आवरण जातं. म्हणून गाडी किती वर्षं उभी आहे हे विचारताना ती कशावर आणि कशाखाली उभी आहे हेही विचारावं. मातीच्या जमिनीवर उभी गाडी खालून ओल खाते. प्लॅस्टिकच्या घट्ट कव्हरखाली ती ओल अडकून राहते. गळक्या छपराखालची उघडी गाडीसुद्धा कधी कधी कव्हरातल्या गाडीपेक्षा बरी निघते.

पहिला दिवस फक्त बघण्याचा. जाड हातमोजे, तोंडाला मास्क आणि चांगली बॅटरी म्हणजे टॉर्च. बॉनेट उघडण्याआधी त्यावर चार थापा माराव्यात आणि थोडं थांबावं. गावाकडे उंदरांच्या मागे साप येतात आणि एअर फिल्टरचा डबा, सीटखालची जागा, डिकीतल्या स्टेपनीची पोकळी या त्यांच्या आवडत्या जागा. उंदीर स्वतःही कमी धोक्याचे नाहीत. त्यांच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून जुनी घरटी हातानं चिवडू नयेत. फिनाइल किंवा ब्लीचच्या पाण्यानं आधी ओली करून मग काढावीत. वायरिंग कुठे कुरतडलंय ते त्याच वेळी दिसतं. जिथे तांबं उघडं पडलंय तिथे खुणेची चिकटपट्टी लावून ठेवावी. बॅटरी आजच जोडायची नाही.

मग पत्रा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. त्यामुळे दाराखालच्या पोकळ पट्ट्या, पायाखालचा पत्रा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात ती जागा आणि पुढचं सस्पेन्शन जिथे अडकवलेलं असतं तो भाग कुजलेला असेल तर तो गाडीच्या सांगाड्याचाच दोष झाला. पायपुसण्या उचलाव्यात, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघावं. चांगला पत्रा खणखणतो, कुजका धप्प वाजतो. लोहचुंबक फिरवलं की डेंटिंगवाल्यानं कुठे पुट्टी भरलीय ते कळतं. इथे मी एक गोष्ट आग्रहानं सांगेन: सांगाड्याचा पत्रा गेला असेल तर इंजिनावर एक रुपया घालण्याआधी वेल्डिंगचा खर्च काढा. चकचकीत रंग आणि गुळगुळीत इंजिन असलेली, पण जॅक लावल्यावर वाकणारी गाडी रस्त्यावर आणणं हा आतल्या माणसांवर अन्याय आहे.

यानंतर बहुतेक जण इंजिनाकडे वळतात. माझ्या मते आधी ब्रेक. कारण सरळ आहे. एकदा इंजिन फटफटलं की ‘गेटपर्यंत नेऊन बघू’ हा मोह कुणालाच आवरत नाही, आणि पंधरा वर्षं न उघडलेले ब्रेक गेटपाशी गाडी थांबवतीलच असं नाही. जुन्या 1100 मध्ये आणि त्या काळातल्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचं वॉशर फाटलं, एक नळी फुटली, की चारही चाकांचा ब्रेक एका क्षणात जातो. आजच्या गाड्यांत दोन सर्किटं असतात, एक गेलं तर दुसरं उरतं. इथे उरायला फक्त हँडब्रेक असतो, आणि तोही केबल गंजून अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

ब्रेक ऑइलचा स्वभाव समजून घेतला की पुढचं सगळं समजतं. ते पाणी ओढून घेतं. डॉट 3 जातीचं ताजं ऑइल किमान 205 अंश सेल्सियसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की तीच मर्यादा 140 अंशांवर उतरते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. घाट उतरताना ड्रम तापतात, पाणी धरलेलं ऑइल व्हील सिलिंडरमध्ये उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल सरळ खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. शिवाय तेच पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांवरून घासलं जाऊन रबरी वॉशर फाटतं. म्हणून लांब मुक्काम केलेल्या गाडीत नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर आणि सगळी व्हील सिलिंडर खोलायची, बोअर डोळ्यांनी बघायचं. गुळगुळीत असेल तर नवं वॉशर किट टाकून चालतं, खड्डे असतील तर सिलिंडर नवं घ्यायचं किंवा लेथवाल्याकडून आत स्टीलची बाही बसवून घ्यायची.

रबरी होज पाइप न बघताच बदलावेत. बाहेरून चांगला दिसणारा जुना पाइप आतून सुजलेला असतो. पाय दाबल्यावर जोरानं ऑइल पुढे जातं, पण सोडल्यावर परत येत नाही. ते चाक अडकून राहतं, तापतं, आणि मेकॅनिक ड्रममध्ये दोष शोधत बसतो. लोखंडी नळ्यांवर क्लिपांच्या खाली गंज लपतो. क्लिप काढून बघावी. ड्रम निघत नसेल तर लायनर गंजून ड्रमला चिकटलेलं असतं. लाकडी ठोकळा मध्ये धरून हळूहळू ठोकत, गोल फिरत काढावा. बिडाच्या कडेवर हातोडा मारला तर कपचा उडतो. अजून एक गोष्ट आपल्याकडच्या गॅरेजांत फारच दुर्लक्षित आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं कधीही उडवू नये. पाण्यानं भिजवून, फडक्यानं पुसून, ते फडकं पिशवीत बांधून टाकावं. ही धूळ फुप्फुसात गेली तर तिचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो, आणि तो बरा होणारा नसतो.

सगळं जोडल्यावर ब्रेकची एअर काढायची, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे येत. मग पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरून ठेवावं. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. हँडब्रेकची केबल मोकळी करावी, तिला ग्रीस द्यावं. एवढं झालं की गाडी थांबू शकते. आता ती चालू करायचा विचार करता येतो.

इंजिनाला प्रथम हातानं फिरवायचं. चारही प्लग काढावेत. कोणती वायर कोणत्या सिलिंडरची, याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-3-4-2 आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की दिवस वाया जातो. प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ इंजिन ऑइल आत सोडावं आणि चार-पाच दिवस हात लावू नये. घाई करणाऱ्यांना हेच जमत नाही, पण रिंगांच्या फटीत तेल झिरपायला तेवढा वेळ लागतोच. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून अगदी हलका जोर द्यावा. हललं तर उत्तम. नाही हललं, तर अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात मिसळून तेच पुन्हा भोकांतून सोडावं, आणि रोज थोडं मागे, थोडं पुढे करत राहावं. अॅसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा जवळपास विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नको. काही मंडळी गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीनं ओढतात. असं अजिबात करू नये. अडकलेली रिंग त्या झटक्यानं तुटते आणि बोअरवर चर पाडते. दोन-तीन आठवड्यांनीही इंजिन जाम असेल तर हेड उघडणं हाच प्रामाणिक मार्ग.

इंजिन हातानं फिरू लागलं की वरचं टॅपेट कव्हर काढून ठेवावं आणि दुसऱ्या कुणाला पाना फिरवायला सांगून स्वतः आठही व्हॉल्व्हकडे बघत राहावं. प्रत्येकानं खाली जाऊन पुरतं वर यायला हवं. एखादा खाली जाऊन तिथेच राहिला तर तो गाइडमध्ये चिकटला आहे. त्याच्या दांड्यावर तेल सोडून, हलकं टिचवून तो मोकळा करावा लागतो. अशा स्थितीत सेल्फ मारला तर पिस्टन वर येऊन त्या व्हॉल्व्हवर आदळू शकतो किंवा पुशरॉड वाकतो. रविवारच्या मित्रमंडळींच्या उत्साहाबद्दल वर लिहिलं ते याचमुळे.

जुनं इंजिन ऑइल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावं आणि उजेडात बघावं. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलं आहे. तळाशी चकचकणारे कण असतील तर बेअरिंगची विचारपूस करायला हवी. शक्य असेल तर सम्प उतरवून तळाचा काळा गाळ खरडून काढावा, कारण नवं तेल हाच गाळ सैल करून ऑइल पंपाच्या जाळीवर नेऊन बसवतं. नवं तेल, नवा फिल्टर. आता पहिल्यांदा बॅटरी जोडायची, पण प्लग अजून बाहेरच. सेल्फ दहा-दहा सेकंद मारत, मध्ये विसावा देत, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवायचं. प्लग नसल्यामुळे दाब नसतो, बेअरिंगवर भार येत नाही, आणि तेल इंजिनाच्या कानाकोपऱ्यात पोचतं. दिवा विझला नाही तर इथेच थांबायचं.

पेट्रोलचा भाग आज आजोबांच्या काळापेक्षा अवघड झाला आहे. शिसंवालं पेट्रोल भारतात 2000 मध्ये बंद झालं. त्याची फार चिंता नको. या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा वेगळ्या बसवलेल्या असतात आणि शांतपणे चालवलेल्या गाडीला त्या बराच काळ पुरतात. खरी अडचण इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपल्याकडेच पिकतो, त्यामुळे साखर कारखान्यांची डिस्टिलरी आणि आपली जुनी गाडी यांचं नातं आता जवळचं झालं आहे. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमके तिथे, जिथून नळी पेट्रोल उचलते. टाकी आतून गंजते. जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधल्या सुईचं रबरी टोक इथेनॉलनं मऊ होऊन सुजतं किंवा तडकतं.

म्हणून टाकी उतरवणं आलं. जुनं पेट्रोल डब्यात काढून घ्यावं, ते गटारात ओतू नये. टाकी गरम पाण्यानं आणि साबणानं अनेकदा धुऊन, आत मूठभर नट किंवा गुळगुळीत खडी घालून हलवली की सैल गंज निघतो. रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. भोक पडलंय म्हणून कुणी ती न धुता वेल्डिंगला देत असेल तर त्याला तिथेच अडवा. इंजिनाच्या बाजूला बसवलेला यांत्रिक पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ म्हणतात, त्याचं किट बदलताना इथेनॉल सोसणारा पडदा मागून घ्यावा. सगळ्या रबरी नळ्यांच्या बाबतीत तेच. टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक पारदर्शक फिल्टर लावावा. पहिल्या महिन्यात तो किती वेळा तांबडा होतो त्यावरून टाकीची प्रकृती कळते.

कार्ब्युरेटर पूर्ण खोलावा, प्रत्येक जेट काढावा. जेटच्या भोकात तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल खाते. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते. नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं. चढावर गाडी अडखळत असेल, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापत असेल आणि प्लगची टोकं पांढरट दिसत असतील तर मेन जेट एक पायरी मोठा लावावा. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावं. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागात जुन्या स्पेअर पार्टचे दुकानदार आहेत, ज्यांना नुसता आवाज ऐकून कोणता जेट हवा ते सांगता येतं. अशा माणसांकडे जायला लाजू नये, आणि त्यांनी सांगितलेलं वहीत लिहून ठेवावं. हे ज्ञान फारसं कुठे छापलेलं नाही.

इग्निशनचं काम त्या मानानं चटकन होतं. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासावेत, गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवावी, टोपणाला आतून तडा नाही ना ते बघावं. जुना कंडेन्सर चालत असेल तर तो फेकू नये. आज बाजारात मिळणारे काही कंडेन्सर फार काळ टिकत नाहीत.

पाण्याच्या बाजूचं मात्र चटकन होत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं गेलं. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की रेडिएटरच्या नळ्या आतून चुन्यानं बंद झालेल्या सापडतात. बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड एकाच पाण्यात राहिले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम खाल्लं जातं. रेडिएटर खोलून रॉडिंग करून घ्यावं, ब्लॉकचा निचऱ्याचा बोल्ट काढून आतला तांबडा चिखल पाण्याच्या जोरानं बाहेर काढावा, आणि ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या गंजल्या असतील तर बदलाव्यात. जुन्या मेकॅनिकनं ‘उष्णता कमी व्हावी’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे. तो परत बसवा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि आत गाळ साचतो. शेवटी शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरावं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. सांडलेलं ताबडतोब धुवावं, कुत्री-मांजरं चाटतात.

आता किल्ली. गाडी मोकळ्या जागेत असावी. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. अग्निशामक हाताशी ठेवावा. एअर फिल्टर जागेवर असावा, कारण कार्ब्युरेटरमधून भडका उडाला तर तोच तो अडवतो. इंजिन पकडलं की पहिली नजर ऑइलच्या दिव्यावर. सुरुवातीला निळा-पांढरा धूर भरपूर निघेल; सिलिंडरमध्ये ओतलेलं तेल जळतं आहे, घाबरू नये. दोन-चार मिनिटांनी बंद करून सगळीकडे हात आणि टॉर्च फिरवावा: कुठे पेट्रोल झिरपतंय, कुठे पाणी. थंड होऊ द्यावं. मग पुन्हा, थोडं जास्त वेळ. क्लच सुटत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. इंजिन चांगलं तापवून, बंद करून, पेडल दाबून रात्रभर लाकडाच्या दांड्यानं तसंच अडकवून ठेवलं की पुष्कळदा ती सुटते.

टायरबद्दल वाद घालू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2311 म्हणजे 2011 सालातला तेविसावा आठवडा. चार आकडे नसलेले टायर 2000 च्या आधीचे. नक्षी नवी दिसली तरी दहा वर्षांवरचा टायर रस्त्यावर नको. पद्मिनीचा मूळ आकार 5.20-14. पुढच्या सस्पेन्शनच्या आणि स्टिअरिंगच्या सगळ्या निप्पलांमधून जुनं वाळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरच्या जोडण्यांनाही तेल द्यावं, नाहीतर भर चौकात गाडी दोन गिअरांच्या मध्ये अडकते.

कागदपत्रांचं काम गाडीच्या कामाबरोबरच सुरू करावं, कारण त्यालाही वेळ लागतो. गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म 31 लागतो. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्रानं ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम आणला. अशा गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. 1974 ची पद्मिनी आता त्यात बसते. पण ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर नेता येते. ज्यांना रविवारी आईला घेऊन देवळात जायचंय त्यांनी साधं नूतनीकरणच करावं, असं मला वाटतं. पीयूसीची काळजी नको. या काळातल्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, आणि नीट लावलेला कार्ब्युरेटर त्यात बसतो. विमा किमान तिसऱ्या पक्षाचा तरी हवाच, अगदी मेकॅनिककडे न्यायची असेल तरीही.

पहिल्या फेऱ्या घराजवळच्या आणि दिवसाउजेडी असाव्यात. दर फेरीनंतर चाकांचे नट, फॅन बेल्ट, ब्रेक ऑइलची पातळी बघावी. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन ऑइल पुन्हा बदलावं, हेडचे नट थंड इंजिनावर पुस्तकात दिलेल्या क्रमानं आणि ताकदीनं तपासावेत, टॅपेट सेट करावेत. आठवड्याला गाडी नुसती जागेवर चालू करून बंद करण्यात फायदा नाही, उलट तोटा आहे. इंजिनात तयार होणारं पाणी सम्पमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं आणि ते उडून जायला गाडी अर्धा तास तरी नीट चालावी लागते.

पुण्या-मुंबईच्या लोकांना चाचणीसाठी एक्सप्रेस वे नको, जुना रस्ता चांगला. खोपोलीहून बोरघाट चढताना पाणी किती तापतं ते बघावं आणि लोणावळ्यात थांबून इंजिनाला विसावा द्यावा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं, ब्रेक सतत दाबून धरू नये. खाली सपाटीला आल्यावर गाडी बाजूला घेऊन प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न टेकवता धरून बघावा. पुढचे दोन मागच्यांपेक्षा जास्त गरम असणारच. पण पुढच्या डाव्या-उजव्यात किंवा मागच्या डाव्या-उजव्यात मोठा फरक जाणवला तर जो थंड आहे तो ब्रेक लागतच नाही आणि जो फार गरम आहे तो सुटत नाही. घरी पोचल्यावर ती दोन्ही चाकं पुन्हा खोलायची.